स्पेनच्या किनाऱ्यावर घरासाठी जागा घेताना

बाबांनी 1989 साली पुण्याजवळ धायरीत दोन गुंठे घेतले होते. खरेदीखत झालं होतं, सातबाऱ्यावर सामायिकात नाव लागलं होतं, भोवती काटेरी तार ओढली होती. घर मात्र बांधता येत नव्हतं. जमीन शेतीची, बिनशेती झालेली नाही, आणि तुकडा इतका लहान की कायद्यात बसेना. दर रविवारी बाबा स्वारगेटहून बसने जाऊन तिथल्या चिकूला पाणी घालून यायचे. ते गेले त्या वर्षी चिकूला भरपूर फळ आलं होतं.

लेक आणि जावई आलिकांतेला स्थिरावले, तेव्हा आम्ही बिबवेवाडीचा सासऱ्यांचा फ्लॅट विकून तिकडे समुद्राजवळ जागा घेऊन बांधायचं ठरवलं. मी बँकेत 33 वर्षं होते, शेवटची 11 परकीय चलन विभागात. तरीही डिसेंबर 2018 मध्ये माझ्या हातून तेच झालं जे बाबांच्या हातून झालं होतं. देनिया आणि आल्तेयाच्या मधल्या पट्ट्यात एका दलालाने आम्हाला चार हजार चौरस मीटरची जागा दाखवली. दगडी बांधांच्या पायऱ्या, थेट कोकणातल्या गडग्यांसारख्या, वर बदामाची झाडं आणि खाली निळं पाणी. "घर बांधता येईलच," तो म्हणाला. जागा अडवून ठेवायला 3,000 युरो द्या, म्हणाला. मी सही केली, पैसे दिले. जमीन रुस्तिको निघाली, म्हणजे आपल्या भाषेत शेतजमीन. आलिकांते ज्यात येतं त्या वालेन्सिया प्रांतसमूहाच्या कायद्यात अशा जमिनीवर एका घरासाठी किमान एक हेक्टर, म्हणजे 10,000 चौरस मीटर लागतात, आणि त्यातली जेमतेम 2 टक्के जागा बांधकामाखाली आणता येते. ते 3,000 युरो परत मिळाले नाहीत. कोणाच्या घरच्यांवर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

स्पेनमध्ये जागा बघायला जाण्याआधी तीन शब्द पाठ करा. सुएलो उर्बानो म्हणजे शहरी जमीन, उर्बानिसाब्ले म्हणजे पुढेमागे शहरी होऊ शकणारी, आणि रुस्तिको. मधला शब्द सर्वांत गोड वाटतो आणि सर्वांत महाग पडतो. रस्ते, गटारं, दिवे यांचा खर्च अशा भागात जमीनमालकांवर वाटला जातो आणि काही जमीनही सोडावी लागते. वालेन्सियात 1994 च्या कायद्याखाली असे इतके प्रकार झाले की प्रकरण युरोपीय संसदेपर्यंत गेलं. आपण परदेशी, वयस्कर माणसांनी उर्बानोच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. त्यातही ती 'सोलार' आहे का ते विचारा. दारापर्यंत डांबरी रस्ता, पाणी, वीज, सांडपाण्याची वाहिनी, हे सगळं असलेल्या तयार भूखंडाला तिथे सोलार म्हणतात.

आता कागद. पहिला नोता सिंप्ले. मालमत्ता नोंदणी कार्यालयातून दहा-अकरा युरोत ऑनलाइन मिळतो. मालक कोण, कर्ज, जप्ती, कोणाचा रस्त्याचा हक्क, हे त्यात असतं. आपल्याकडे नोंदणी होते ती दस्ताची, मालकीची हमी त्याने मिळत नाही. तिथे नोंदीवर विश्वासून प्रामाणिकपणे पैसे मोजून घेणाऱ्याला आणि आपलं नाव लावून घेणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. म्हणून हा कागद आपल्या सातबाऱ्यापेक्षा वजनदार आहे. पण त्यावर लिहिलेलं क्षेत्रफळ खरं असेलच असं नाही.

दुसरा कागद कातास्त्रोचा. हे करआकारणीचं दप्तर आहे. नकाशा कोणालाही संगणकावर फुकट बघता येतो. आम्ही शेवटी जी जागा घेतली तिचं क्षेत्र नोंदणीत 1,100 चौरस मीटर होतं आणि कातास्त्रोत 940. जावई म्हणाला, "आई, थोडा फरक असतोच." मी म्हटलं, मोजणी होईपर्यंत एक युरो देणार नाही. तिथल्या भूमापकाने अक्षांश-रेखांशासह मोजलं, 905 भरलं. आमच्या भागात चटई निर्देशांक, म्हणजे जागेच्या किती पट बांधता येतं तो आकडा, 0.25 होता. 1,100 वर 275 चौरस मीटर घर झालं असतं, 905 वर 226. फरक जवळजवळ सव्वापाचशे चौरस फुटांचा. सहकारनगरात आमच्या इमारतीत एवढ्यात एक अख्खं कुटुंब राहतं. मोजणीच्या अहवालावर भाव 120,000 युरोंपर्यंत उतरला.

तिसरा कागद माझ्या लेखी सगळ्यांत मोठा. गावच्या नगरपालिकेला, म्हणजे आयुंतामिएंतोला, लेखी अर्ज करून नगररचनेचा दाखला मागायचा: या भूखंडाचा वर्ग कोणता, किमान क्षेत्र किती, निर्देशांक किती, उंची किती, चारी बाजूंनी किती मोकळं सोडायचं, काही थकबाकी किंवा कारवाई आहे का. हा दाखला यायला आठवडे जातात. दलाल तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक उभं असल्याचं सांगतो. जाऊ द्या ते गिऱ्हाईक पुढे. नोतारियोसमोर, म्हणजे तिथल्या नोटरीसमोर, खरेदीखत झालं की सगळं तपासलं गेलं असा आपला समज असतो. नोतारियो ओळख, मालकी आणि बोजे बघतो, तिथे घर बांधता येईल की नाही हे शोधणं त्याचं काम नाही. बाबांच्या खरेदीखतावरही सरकारी शिक्का होता.

खुद्द नगरपालिकेचा परवानाही वरच्या सरकारच्या नियमांत बसायला लागतो. जानेवारी 2008 मध्ये अल्मेरियातल्या वेरा गावी एका वयस्कर ब्रिटिश जोडप्याचं घर पाडलं गेलं. त्यांच्याकडे नगरपालिकेचा बांधकाम परवाना होता, पण अल्मेरिया ज्यात येतो त्या आंदालुसियाच्या सरकारने तो रद्द करवून घेतला, कारण जमीन बांधकामाची नव्हती. म्हणून दाखल्यासोबत गावचा मंजूर आराखडाही वकिलाकडून वाचून घ्या.

किनाऱ्याजवळ आणखी एक रेघ असते. 1988 च्या किनारा कायद्याने, लेय दे कोस्तासने, वाळू आणि लाटांचा पट्टा सार्वजनिक ठरवला. त्याला लागून जमिनीच्या बाजूला 100 मीटर संरक्षित पट्टा, जिथे नवं घर बांधता येत नाही. कायदा आला तेव्हा शहरी असलेल्या भागात तो 20 मीटर आहे. त्यातले पहिले 6 मीटर लोकांना ये-जा करायला मोकळे ठेवायचे. अल्मेरियातच कार्बोनेरासजवळ एल आल्गारोबिको नावाचं चारशेहून जास्त खोल्यांचं हॉटेल समुद्राला खेटून उभं राहिलं, 2006 मध्ये कोर्टाने काम थांबवलं, आणि तिथे आजवर एकही पाहुणा उतरलेला नाही. समुद्रापासून चालत दहा मिनिटांवरची जागा पुरते. संध्याकाळी वारा तेवढाच येतो.

आणि ओढे. तिथे त्यांना बारांको किंवा रांब्ला म्हणतात. वर्षातले अकरा महिने कोरडे, तळाला गोटे आणि कण्हेरी. दुसरी एक जागा आम्हाला खूप आवडली होती, तिच्या मागच्या बाजूने असा एक ओढा जात होता. जावयाने पूररेषेचा नकाशा उघडला. वालेन्सियाच्या सरकारचा 'पात्रिकोवा' म्हणून नकाशा आहे, देशाचा वेगळा आहे, दोन्ही सर्वांना खुले आहेत. निम्मी जागा पुराच्या पट्ट्यात होती. फेब्रुवारी 2019 मध्ये आम्ही नाही म्हणून कळवलं. त्याच वर्षी 25 सप्टेंबरच्या रात्री इथे पुण्यात आंबिल ओढा अरण्येश्वरच्या वस्त्यांत शिरला. आमच्या गल्लीच्या टोकाच्या भिंती पडताना मी गॅलरीतून ऐकल्या. ऑक्टोबर 2024 मध्ये वालेन्सियाजवळ दोनशेहून जास्त माणसं पाण्यात गेली, ती अशाच कोरड्या दिसणाऱ्या ओढ्यांच्या काठावरची. पाऊस नसताना जागा बघू नका असं म्हणता येत नाही, तिथे पाऊस फारच कमी पडतो. नकाशा मात्र बघाच.

कार्ताहेनाच्या आसपास, जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीजवळ किंवा बेटांवर जागा घेणार असाल तर युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला काही भागांत लष्कराची परवानगी लागते. तिला महिने लागू शकतात. त्यातून सुटका मिळावी म्हणूनही आम्ही उत्तर आलिकांते धरला.

पैशांबद्दल मला अधिकाराने सांगता येईल. भारतात राहणारा माणूस एका आर्थिक वर्षात 2,50,000 अमेरिकन डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवू शकतो, आणि त्यातून परदेशात घरजागा घेता येते. मर्यादा माणशी आहे. आम्ही दोघांनी इसाराचा भाग मार्चमध्ये आणि उरलेला एप्रिलमध्ये पाठवला, त्यामुळे बांधकामासाठी पुढची मर्यादा शिल्लक राहिली. आमच्या वेळी टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँकेने कापायचा कर, नव्हता. आता वर्षाला 10 लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक 20 टक्के कापून घेते. विवरणपत्रात तो कर वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो, म्हणून बजेटमध्ये तेवढी जागा ठेवा. पाठवणाऱ्याच्याच खात्यातून, खरा हेतू लिहून पाठवा. ओळखीच्या कोणामार्फत "तिकडे युरो देतो, इथे रुपये द्या" असं कोणी म्हटलं तर त्याच्याशी बोलणं थांबवा. तिथली बँक पैसा कुठून आला ते विचारते. आमचं बिबवेवाडीचं विक्रीखत, त्याचा शपथबद्ध भाषांतरकाराने केलेला स्पॅनिश अनुवाद आणि करविवरणपत्रं पाहिल्यावरच खातं चालू झालं.

परदेशी माणसाचा ओळख क्रमांक, 'निए', त्याआधी हवा. आणि प्रत्येक वेळी विमानाने जाणं जमत नसेल तर लेकीला मुखत्यारपत्र द्या. आम्ही पुण्यात नोटरी करून, मुंबईत मंत्रालयातून साक्षांकन, मग दिल्लीहून अपॉस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का, असं केलं. फक्त याच भूखंडापुरतं आणि मुदत घालून.

वकील स्वतः शोधा. दलालाने सुचवलेला नको, विकणाऱ्याचा तर नकोच. आमच्या वकीलबाईंनी किमतीच्या सुमारे एक टक्का घेतला आणि पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट पकडली. विकणारं जोडपं जर्मनीत राहणारं होतं. अनिवासी माणूस विकत असेल तर किमतीचे 3 टक्के घेणाऱ्याने कापून थेट करखात्यात भरायचे असतात. आमचे 3,600 युरो. शिवाय जमिनीच्या वाढीव मूल्यावरचा नगरपालिकेचा कर, प्लुसवालिया, विकणाऱ्याचा असला तरी तो अनिवासी असेल तर नगरपालिका घेणाऱ्याच्या दारात येते. तेवढी रक्कम आम्ही नोतारियोच्या टेबलावरच राखून ठेवली.

इसाराला तिथे आरास म्हणतात, आणि रीत आपल्याच इसारपावतीची. घेणारा मागे हटला तर इसार बुडाला, विकणारा हटला तर दुप्पट परत. आम्ही 10 टक्के दिले, पण अट लिहून: नगरपालिकेचा दाखला आणि मोजणी करारात लिहिल्याप्रमाणे नसेल तर रक्कम पूर्ण परत. ही अट विकणाऱ्याने मान्य केली नाही तर तो काही तरी जाणतो, एवढं समजा.

खरेदीवर कर किती ते विकणारा कोण यावर ठरतं. खासगी माणसाकडून घेतली तर हस्तांतरण कर, आमच्या वेळी वालेन्सियात 10 टक्के. आंदालुसियात आता 7 आहे. कंपनीकडून बांधकामयोग्य भूखंड घेतला तर 21 टक्के मूल्यवर्धित कर आणि वर मुद्रांकासारखा एक छोटा कर. जाहिरातीतल्या किमतीत हे काहीच धरलेलं नसतं.

मग बांधकाम. माती तपासणी, वास्तुरचनाकाराचा प्राथमिक आराखडा, त्यावर परवान्याचा अर्ज, मग तपशीलवार आराखडा. वास्तुरचनाकाराबरोबर आपारेहादोर म्हणून कामावर देखरेख करणारा तांत्रिक माणूस कायद्याने लागतोच. आमचा परवाना यायला 14 महिने लागले. ठेकेदाराशी थेट, मजुरी आणि साहित्य एकत्र, असा करार केलात तर स्वतःच्या राहत्या घरावर 10 टक्के कर लागतो. सिमेंट-फरशी वेगळी आणायला गेलात तर त्यावर 21. स्वतःसाठी एकच घर बांधणाऱ्याला दहा वर्षांच्या विम्याची सक्ती नाही, पण दहा वर्षांच्या आत विकायचं झालं तर प्रश्न येतो. आम्ही विमा घेतला.

घरामुळे राहण्याचा हक्क मिळत नाही, हे ओळखीच्या अनेकांना अजून माहीत नाही. पाच लाख युरो गुंतवून मिळणारा व्हिसा 3 एप्रिल 2025 ला बंद झाला. आम्ही 180 दिवसांत 90 दिवस राहतो, थंडी संपताना जातो आणि बदाम फुलून गेल्यावर परत येतो.

काम संपलं की अंतिम प्रमाणपत्र, मग पहिल्या वास्तव्याचा परवाना, मग घराची नोंद. या परवान्याशिवाय पाणी-विजेचं कायमचं मीटर मिळत नाही. आणि इथल्या विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात जागा घेतल्या वर्षापासूनच दाखवा. राहून गेलं तर 10 लाख रुपये दंड होऊ शकतो. तिकडे घर भाड्याने दिलेलं नसलं तरी कातास्त्रोतल्या मूल्याच्या 1.1 किंवा 2 टक्के उत्पन्न धरून त्यावर 24 टक्के कर पुढच्या वर्षीच्या 31 डिसेंबरच्या आत भरायचा असतो. मी तो दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात भरते.