जुना लॅपटॉप आहे, विंडोज ११ टाकू का?

२०२५ ची दिवाळी तोंडावर असताना, १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून नात्यातला कोणी ना कोणी मला हेच विचारतो. आधी घाबरू नका, सपोर्ट संपला म्हणजे लॅपटॉप बंद पडत नाही, फक्त सिक्युरिटी अपडेट थांबतात, आणि मग कधीतरी ब्राउझरही साथ सोडतो, क्रोमने विंडोज ७ ला १०९ व्हर्जननंतर सोडलं तसं.

पहिलं काम, सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि तिथे अबाउट उघडून प्रोसेसरचं नाव वाचा. इंटेलचा आय५-७२००यू असेल तर सुरुवातीचा ७ म्हणजे सातवी जनरेशन, ८२५०यू म्हणजे आठवी, आणि १०२१०यू सारखा पाच आकडी असेल तर पहिले दोन आकडे बघायचे म्हणजे दहावी. विंडोज ११ ला एकदोन अपवाद सोडले तर आठवी किंवा पुढचीच लागते. विकणारा "आय७ आहे हो" म्हणतो त्याला इथे काही अर्थ नाही, सातव्या जनरेशनचा आय७ नापास आणि आठव्याचा आय३ पास, असा हा प्रकार आहे.

प्रोसेसर बसतोय पण मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक अ‍ॅप टीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सिक्युरिटी चिप) नाही म्हणून रडतंय, तर लगेच नवीन मशीन बघायला पळू नका. बऱ्याच असेंबल्ड डेस्कटॉपमध्ये तो असतो पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, बंद असतो, इंटेलच्या बोर्डवर पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम नावाने सापडेल. फक्त बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या, नाहीतर मशीन चालू करताना तीच मागत बसेल.

आता माझी चूक सांगतो. काकांच्या लॅपटॉपचा प्रोसेसर बसत होता म्हणून मी उत्साहात ११ टाकलं, आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क आहे हे बघितलंच नाही, मग काय, चालू केला की काकांचा चहा पिऊन व्हायचा तरी टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवरच. शेवटी परत १० वर आणला, एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवली आणि मग ११ टाकलं. ४ जीबी रॅम चालते असं कागदावर आहे, पण माझ्या मते ८ च्या खाली त्रासच.

छापखाना किंवा डीटीपीवाल्यांनी जरा जास्त थांबावं. जुनं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर डोंगलवर, म्हणजे मशीनला लावायच्या लायसन्सच्या किल्लीवर, चालतं आणि मशीन ३२ बिट असेल तर विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं, म्हणजे वरच्यावर अपग्रेड होत नाही, सगळं नव्याने टाकावं लागतं, आणि डोंगलचा ६४ बिट ड्रायव्हर नसेल तर कामच बंद. प्रिंटर-स्कॅनरचंही तसंच. अशा मशीनचं नेट काढून ते १० वरच ठेवलेलं बरं.

प्रोसेसरच नापास असेल तर विंडोज १० साठी जादा सिक्युरिटी अपडेटची सोय आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की फुकटात. नुसतं ब्राउझर, यूट्यूब, मेल एवढंच असेल तर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल न करता चालवून बघा, वायफाय आणि आवाज चालला की निम्मं काम झालं. टॅली किंवा डिजिटल सिग्नेचरचा टोकन लागत असेल तर त्या वाटेला नको. आणि चेक बायपास करून जबरदस्तीने ११ टाकायचे व्हिडिओ आहेत, होतंही ते, पण पुढे अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही, मी स्वतःच्या मशीनवर करेन, काकांच्या नाही.

टाकायचंच ठरलं तर फोटो आणि टॅलीचा डेटा आधी बाहेरच्या डिस्कवर घ्या. अपग्रेडनंतर परत जायला १० दिवस मिळतात, तेवढ्यात प्रिंटर, स्कॅनर, टोकन सगळं एकदा चालवून बघा, आणि तोपर्यंत जागा मोकळी करायच्या नादात जुन्या विंडोजचा फोल्डर उडवू नका.