फोनोचे जुने पार्ट गोळा करायचेत? मग कर्ण्याच्या नादी लागू नका

पितळेचा चकचकीत कर्णा दिसला की आपला माणूस पाघळतो आणि तिथेच फसतो. मुंबईत चोरबाजारात वगैरे कर्णेवाले ग्रामोफोन मांडलेले असतात ना, त्यातले बहुतेक अलीकडे बनवलेले, कर्णा नवा, नक्षीची पेटी नवी, वर कुत्र्याचं चित्र नवं कोरं, आणि आत कुठल्यातरी पेटीवाल्या पोर्टेबलची काढून बसवलेली, तबकडी फिरवणारी स्प्रिंगची मोटर. गंमत अशी की आपल्यासारख्या पार्टवाल्याला त्यातली ती मोटर आणि साऊंडबॉक्सच (सुई लागते ती आवाज काढणारी गोल डबी) कामाचा, बाकी सगळा शोकेसचा माल.

कोकणात शोधायचं तर दुकानात नाही, माळ्यावर. चाकरमान्यांनी कधीकाळी मुंबईहून आणलेले फोनो (आमच्याकडे ग्रामोफोन कोणी म्हणत नाही) मालवण, वेंगुर्ला, राजापूर साइडला जुन्या घरांत अजून निघतात. गेल्या गेल्या "विकणार काय" विचारू नका, भाव चढतो किंवा माणूस चिडतो. चहा घ्या, गजाली करा, मग हळूच "जुनो फोनो आसा काय?" बहुतेक वेळा उत्तर ठरलेलं, "आसा, पण चावी खंय गेली ता देवाक ठाऊक." चावी म्हणजे फिरवायचं हॅन्डल. ते नसलं तर मशीन अर्धं, कारण बऱ्याच मॉडेलांचं टोक वेगळं, कुठे आटे तर कुठे खाच, दुसऱ्याचं बसेलच असं नाही. म्हणून घरातला गंजक्या खिळ्यांचा डबा जरूर उपसा, मला एकदा तिथेच मिळालीय, कोयत्याच्या मुठीखाली.

आपल्याकडे जास्त करून एचएमव्हीची (तीच कुत्र्याच्या चित्राची कंपनी) पोर्टेबल मिळतात. 101 हे मॉडेल 1925 चं, त्याला चार नंबरचा साऊंडबॉक्स, आत अभ्रकाची चकती, जी थरथरून आवाज काढते. 102 हे 1931 पासूनचं, त्यावर बहुतेक 5ए नाहीतर 5बी, आत ॲल्युमिनियमची चकती. चार नंबर हातात आला तर भिंगातून बघा, कारण त्याचा मागचा भाग जस्ताच्या मिश्रधातूचा असतो आणि तो वयोमानाने फुगतो, केसासारख्या चिरा पडतात, आणि टोनआर्मवर (साऊंडबॉक्स धरणारी पोकळ नळी) असा घट्ट बसतो की निघतच नाही. मी घाईत पक्कड लावून पिळला होता, बिस्किटासारखे तीन तुकडे झाले हातात. त्या दिवसापासून पक्कड बंद. न निघणारा साऊंडबॉक्स टोनआर्मसकट घ्या, थोडे जास्त गेले तरी चालतील.

अभ्रकावर पांढरट ढगासारखे डाग म्हणजे थर सुटायला लागले. आवाज किरकिरा येत असेल तर मात्र घाबरू नका, बऱ्याचदा चकतीच्या कडेचं रबर दगड झालेलं असतं. त्याजागी सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी कापून बसवा, दोन्ही टोकं अगदी भिडली पाहिजेत, मस्त चालते.

आता मोटर. कोकणातल्या फोनोचा खास आजार म्हणजे खोबरेल. आजोबांनी प्रेमाने सोडलेलं असतं आणि वर्षांनुवर्षांनी त्याचा चिकट पिवळा डिंक झालेला असतो, मशीन ढिम्म हलत नाही, घरचे म्हणतात बिघडलं आणि स्वस्तात देऊन टाकतात. आपली चांदी. गिअर आणि गव्हर्नर (वेग आवरणारा भाग) रॉकेलने धुवा, मग शिवणयंत्राचं तेल थेंबभर. पण साऊंडबॉक्स रॉकेलजवळ नेऊ नका, रबर संपेल. गव्हर्नरवर तीन छोटी वजनं पातळ पट्ट्यांवर बसवलेली असतात, पट्टी मोडलेली किंवा वाकडी नाही ना ते बघा, त्याचे बारीक स्क्रू हरवले तर मग बसा शोधत.

आणि मेन स्प्रिंगचं डबडं उगाच उघडू नका!! आधी मोटर चालू ठेवून स्प्रिंग पूर्ण सैल होऊ द्या, तरीही आतली पट्टी दाबलेलीच असते, सुटली तर बोटं जातील. बदलायची झाली तर रुंदी, जाडी, लांबी आणि टोकाच्या भोकाचा आकार चारही मोजून घ्या.

स्पीड तपासायला ॲप नको, तबकडीखाली कागदाची चिठ्ठी अर्धी बाहेर ठेवा आणि एका मिनिटात ती किती वेळा समोरून जाते मोजा. 78 च्या आसपास पाहिजे, आणि हे सुई टेकवून वाजत असताना मोजायचं, मोकळं नाही.

क्वचित कोणाकडे तबकडीऐवजी नळकांडी वाजवणारा खरा एडिसन फोनोग्राफ निघतो. तिथे जरा थांबा. दोन मिनिटांच्या नळकांड्याला इंचाला 100 खाचा आणि 1908 पासून आलेल्या चार मिनिटांच्याला 200, म्हणून दोघांची सुई वेगळी, चुकीची लावली की नळकांडं गेलं. मेणाच्या नळकांड्यांवर आपल्या दमट हवेत बुरशी धरते, ते खड्डे परत भरत नाहीत, तेव्हा नळकांड्यांपेक्षा साऊंडबॉक्ससारखा तो जो रिप्रोड्युसर असतो त्याचेच पैसे मोजा.

घरी आणलं की खारी हवा लगेच कामाला लागते. लोखंडी पार्टना तेलाचा हात, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि पावसाळ्यात त्या पुड्या अधूनमधून बदला. ब्रासो, सँडपेपर वगैरे अजिबात नको, जुनी चमक गेली की किंमतही गेली. आणि चावी वेगळ्या डब्यात टाकू नका, मशीनच्या दांडीलाच सुतळीने बांधा, नाहीतर पुढचा कोणीतरी तुमच्याही घरात खिळ्यांचा डबा उपसत बसेल.