हमिंगबर्डसाठी कोरल हनीसकल लावताय? या चुका टाळा

एप्रिलच्या उत्तरार्धात न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियाच्या परिसरात हमिंगबर्ड परतू लागतात, आणि त्याच सुमारास इथल्या मूळच्या कोरल हनीसकलच्या वेलावर लाल, नळीसारख्या फुलांचे घोस उमलू लागतात. पूर्व अमेरिकेत घरटी करणारी हमिंगबर्डची जात एकच, रुबी-थ्रोटेड हमिंगबर्ड. जेमतेम तीन ग्रॅम वजनाचे हे पक्षी हिवाळा मध्य अमेरिकेत काढतात, आणि त्यांपैकी अनेक जण वसंतात मेक्सिकोचे आखात कुठेही न थांबता ओलांडून येतात. इतका प्रवास करून आलेल्या पक्ष्याला अंगणात मध मिळावा, या इच्छेने आपली बरीच मराठी मंडळी हा वेल लावतात. परंतु दरवर्षी तेच प्रश्न आणि त्याच तक्रारी कानावर येतात. वेलाचा दोष त्यात क्वचितच असतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे 'हनीसकल' एवढेच नाव वाचून रोप उचलणे. बागकामाच्या दुकानांत या नावाखाली अनेक वेली विकल्या जातात आणि त्यांत जपानी हनीसकलही असते. ते १८०६ साली न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर आणले गेले आणि आज पूर्व अमेरिकेच्या जंगलांत ते सर्वत्र माजले आहे. आमच्या परिचयातील एका दांपत्याने केवळ सुवासावर भाळून ते कुंपणाशी लावले. जाईजुईची आठवण करून देणारा तो वास मलाही आवडतो, हे मान्य करायला हवे. काही वर्षांतच वेलाने कुंपण गिळले, जमिनीवर टेकलेल्या प्रत्येक फांदीला पेरापेराशी मुळे फुटली, आणि शेजारच्या कोवळ्या डॉगवूडच्या खोडाला त्याने असा विळखा घातला की वेल कापून काढल्यावर सालीवर स्क्रूच्या आट्यांसारखी खोल खाच वर चढत गेलेली दिसली. त्या वेढ्याच्या वरचा शेंडा वाळला होता. वेल काढायला आम्ही काही जण मिळून गेलो, तरी मातीत राहिलेल्या तुकड्यांतून तो पुढच्या वसंतात पुन्हा फुटला. ज्यांच्याकडे हा वेल आधीच पसरला आहे, त्यांनी तो नोव्हेंबरच्या शेवटी शोधावा. इतर झाडांची पाने गळालेली असतात आणि हा मात्र हिरवा राहतो, त्यामुळे तो कुठवर पसरला आहे ते नेमके कळते.

खऱ्या कोरल हनीसकलची ओळख त्याच्या फुलाच्या दांड्याखाली असते. तिथली पानांची शेवटची जोडी तळाशी जुळून एकच गोलसर पान झालेले असते आणि दांडा त्याच्या मधोमध आरपार गेलेला दिसतो. फूल सुमारे दोन इंच लांब, बाहेरून लाल आणि आतून पिवळे असते, वास जवळजवळ नसतो, आणि फळे लाल होतात. जपानी वेलाची फुले पांढरी उमलून पिवळी पडतात, पानांच्या बेचक्यात जोडीने येतात, आणि फळे काळी असतात. कोवळ्या रोपावर जुळलेली पाने बहुधा नसतात, म्हणून कुंडीवरच्या चिठ्ठीत 'लोनिसेरा सेम्परव्हायरेन्स' हे शास्त्रीय नाव असल्याशिवाय मी रोप घेत नाही आणि इतरांनाही घेऊ देत नाही. वास नाही म्हणून रोप परत करणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की हमिंगबर्ड फूल शोधतो ते रंगावरून, वासावरून नव्हे.

हा वेल पूर्व आणि आग्नेय अमेरिकेचा आहे, हेही ध्यानात ठेवावे. सिअ‍ॅटल किंवा पोर्टलंडच्या वाचकांनी त्याच कुळातले, तिकडचे मूळचे नारिंगी हनीसकल शोधावे.

ट्रम्पेट व्हाइनही इथलाच मूळचा आहे आणि हमिंगबर्डला प्रियही आहे, परंतु तो घराच्या भिंतीशी लावू नये. त्याची हवाई मुळे भिंतीवरच्या फळ्यांच्या सांध्यांत शिरतात, जमिनीखालून दूरवर नवे फुटवे येतात, आणि लहान अंगणात त्याला आवर घालणे हे कायमचे काम होऊन बसते.

दुसरी चूक मला पहिलीइतकीच अस्वस्थ करते. वसंतात वेलाचे शेंडे कोवळे असताना त्यांवर मावा पडतो. पाने आक्रसतात, कळ्या चिकट होतात, आणि नवा माळी घाबरून दुकानातून कीटकनाशकाची बाटली घेऊन येतो. ज्या फुलांतून पक्ष्याने आणि मधमाश्यांनी मध प्यावा म्हणून आपण वेल लावला, त्याच फुलांत विष पोहोचवण्याची ही घाई मला अजिबात समजू शकत नाही. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधे मुळाशी घातली तरी मधात आणि परागात उतरतात. शिवाय हमिंगबर्ड केवळ मधावर जगत नाही. पिल्लांना तो बारीक कीटक आणि कोळी भरवतो, आणि घरटे बांधायला त्याला कोळ्याचे जाळे लागते. फवारणी केलेल्या अंगणात यांतले काहीच उरत नाही. माझी रीत साधी आहे: सकाळी पाण्याच्या नळीने शेंड्यांवर जोरात फवारा मारायचा, पानांच्या खालून मारायचा, आणि दोन-चार दिवसांनी पुन्हा तेच करायचे. फारच गच्च भरलेला शेंडा मी चिमटीने खुडून टाकतो. थोड्याच दिवसांत ढालकिडे येतात, त्यांच्या अळ्या मावा फस्त करू लागतात, आणि उन्हाळ्यातली नवी पालवी बहुधा स्वच्छ निघते. पाने कुरतडणारी अळी दिसली तर तिलाही राहू द्यावे. दिवसा उडणाऱ्या, भुंग्यासारख्या दिसणाऱ्या स्नोबेरी क्लिअरविंग पतंगाची ती असू शकते, आणि हा वेल तिचे अन्न आहे.

छाटणी चुकीच्या वेळी करणे हे फुले न येण्याचे सर्वांत सामान्य कारण आहे. पहिला मोठा बहर मुख्यतः गेल्या वर्षीच्या फांद्यांवर येतो. त्यामुळे थंडीआधी अंगण नीटनेटके करण्याच्या नादात किंवा मार्चमध्ये वेल बुडापासून कापणाऱ्यांच्या हाती त्या वसंतात पानेच येतात. पहिला बहर ओसरला की लगेच छाटावे, आणि तेही वाळके, गुंतलेले तेवढेच.

सावलीत लावलेल्या वेलावर भुरी येते आणि फुले विरळ राहतात. रोज किमान सहा तास ऊन हवेच. हिरवळीसाठीचे नत्रयुक्त खत जवळपासही घालू नये, पाने माजतात. पाणी साचणारी जागा टाळावी. वेलाला आधार पहिल्या दिवशीच द्यावा, कारण एकमेकांभोवती गुंडाळलेल्या फांद्या नंतर सोडवता येत नाहीत. आपल्याकडचा शिंजीर बहुधा फांदीवर बसून मध पितो, हमिंगबर्ड मात्र हवेत तरंगत पितो. म्हणून वेलासमोर झुडुपांची गर्दी करू नये, मोकळी जागा ठेवावी.

पहिल्या वर्षी वेल वाढत नाही, असे सांगून तो उपटणारे किंवा दर आठवड्याला जागा बदलणारे लोक मी पाहिले आहेत. पहिल्या वर्षी तो मुळे धरतो, दुसऱ्या वर्षी थोडा सरकतो, आणि खरा चढतो तो तिसऱ्या वर्षी. तोवर आठवड्यातून एकदा खोल पाणी आणि बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन पुरते. ज्यांना तेवढा धीर नाही, ते लाल रंगाचे तयार पाणी बाटलीत भरून टांगतात. बाटली टांगायला माझी हरकत नाही, पण त्यात रंग नको आणि मधमाश्यांचा, बरणीतला मधही नको. एक भाग साधी पांढरी साखर आणि चार भाग पाणी पुरते, आणि उन्हाळ्यात ते दर दोन दिवसांनी फेकून, बाटली घासून, नवे भरावे.