जानेवारीत चाललेलं ओव्हरक्लॉक मे महिन्यात का झोपतं? नवख्यांनो, या चुका टाळा

नागपुरातल्या जानेवारीच्या थंडीत मी माझा रायझन ५ ३६०० हा प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त, सगळ्या कोअरवर ४.३ गिगाहर्ट्झला बसवला. सिनेबेंच हे वेग मोजणारं सॉफ्टवेअर दहा मिनिटं फिरवलं, तापमान ७८ अंशांवर थांबलं, स्कोअरही वाढला. लगेच स्क्रीनचा फोटो काढून मित्रांना पाठवला. मग साडेतीन महिने मशीनने हूं की चूं केलं नाही. मे महिन्यातल्या एका दुपारी व्हिडिओ रेंडर होताना स्क्रीन निळी झाली आणि पुढे ते रोजचंच झालं. बिघडलेलं काहीच नव्हतं. खोलीचं तापमान २२ वरून ३८ वर गेलं होतं, बस्स.

आमच्याकडे कूलर म्हटलं की आधी वाळ्याच्या ताट्यांचा आठवतो आणि तो हवा खरोखर गार करतो. प्रोसेसरवरच्या कूलरला ते जमत नाही. प्रोसेसर खोलीपेक्षा किती अंश वर राहील, एवढंच त्याच्या हातात असतं. माझ्याकडे तो फरक ५६ अंशांचा होता. ३८ मध्ये ५६ मिळवा, ९४ होतात, आणि या चिपची मर्यादा आहे ९५. शिवाय चिप तापली की तोच वेग टिकवायला तिला व्होल्टेज जरा जास्त लागतं, म्हणजे थंडीत काठावर पुरलेलं उन्हाळ्यात पुरत नाही. म्हणून थंडीत चाचणी घेतलीत तर तिथल्या आकड्यात उन्हाळ्याचे १५-१६ अंश मिळवून मगच खूश व्हा. आणि हो, त्या वाळ्याच्या कूलरच्या झोतासमोर कॅबिनेट ठेवू नका. ओलसर हवा आणि धूळ मिळून हीटसिंकच्या पात्यांत लगदा बसतो.

आता मुळापासून. पहिली चूक दुकानातच होते. इंटेलमध्ये नावाशेवटी 'के' असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा मदरबोर्ड, दोन्ही लागतात. बी७६० बोर्डावर १३६००के लावला तर रॅमचा वेग वाढवता येतो, कोअरचा गुणक (बेस क्लॉकच्या १०० मेगाहर्ट्झला ज्याने गुणून वेग ठरतो तो आकडा) नाही. एएमडीचे बहुतेक डेस्कटॉप रायझन खुले असतात, पण ए३२०, ए५२० सारख्या बोर्डांवर ती सोय नाही. ५८००एक्स३डी सारख्या चिपचा गुणक तर कंपनीनेच बंद ठेवलाय. बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या सेटिंगच्या पानांत, पर्यायच दिसत नाही म्हणून तासभर शोधण्याआधी हे बघा.

दुसरी चूक घाईची. गुणक वाढवला, व्होल्टेज वाढवलं, जाता जाता रॅमचं एक्सएमपी, म्हणजे तिच्या जास्त वेगाची तयार सेटिंग, तीही चालू केली. मशीन हँग झालं तर आता दोष कुणाचा? एका वेळी एकच गोष्ट बदला. मी आधी एक्सएमपी चालू करून मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी रात्रभर चालवतो. रॅमची चूक प्रोसेसरच्या माथी मारली जाते आणि ती नुसती हँग करून थांबत नाही, गुपचूप फायली खराब करते. कामाच्या फायलींचा बॅकअप याच टप्प्याला घ्यायचा, नंतर नाही. मग गुणक पायरी-पायरीने, रायझनवर पाव-पाव म्हणजे २५ मेगाहर्ट्झने, वर न्यायचा. बेस क्लॉक १०० वरून हलवायच्या भानगडीत पडू नका. बऱ्याच बोर्डांवर त्याच्याबरोबर पीसीआय एक्सप्रेससारख्या (ग्राफिक्स कार्डाच्या जोडणीसारख्या) बाकीच्या भागांचा वेगही सरकतो.

व्होल्टेज 'ऑटो'वर सोडणं ही तिसरी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक. आपण वेग थोडा वाढवतो आणि बोर्ड स्वतःच्या सुरक्षिततेसाठी व्होल्टेज भरमसाट ओततो. हिशेब करून बघा. प्रोसेसरची वीज वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. ४.० गिगाहर्ट्झ १.२० व्होल्टवरून ४.३ गिगाहर्ट्झ १.३५ व्होल्टवर गेलात तर वेग वाढला साडेसात टक्के आणि वीज सुमारे ३६ टक्के. ही सगळी वीज उष्णता होऊनच बाहेर पडते. जास्त व्होल्टेज आणि उष्णता एकत्र आली की चिप झिजते, आणि ती झीज परत भरून येत नाही. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरचं २०२४ मध्ये काय झालं ते आठवा. गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत राहिल्याने ते अस्थिर होत गेले. कंपनीला मायक्रोकोड बदलावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. तिथे वॉरंटी मिळाली. स्वतः ओव्हरक्लॉक करून चिप घालवलीत तर ती मिळत नाही.

बायॉसमधल्या व्होल्टेजच्या याच पानावर 'लोड लाइन कॅलिब्रेशन' दिसेल. लोड आल्यावर व्होल्टेज किती खाली पडू द्यायचं, ते यात ठरतं. सर्वांत वरची पातळी चांगली वाटते, पण ती लावली की लोड सुटताना व्होल्टेज क्षणभर उसळी मारतं, आणि ही उसळी सॉफ्टवेअरला दिसतही नाही. मधली पातळी पुरते.

'स्टेबल आहे' हे आपण फार लवकर म्हणतो. माझी दहा मिनिटं आठवा. सिनेबेंचमधून पार पडलेलं मशीन प्राइम९५ या जास्त कठोर चाचणीत दोन मिनिटांत आडवं होऊ शकतं. उलटंही घडतं. पूर्ण लोडवर तासन्‌तास टिकलेलं मशीन नुसतं ब्राउझर उघडताना रिस्टार्ट मारतं, कारण तेव्हा वेग-व्होल्टेज भराभर वरखाली होत असतात. मी ओसीसीटी ही आणखी एक चाचणी तासभर, मग एक रात्र प्राइम९५, आणि त्यानंतर आठवडाभर रोजचं काम एवढं झाल्याशिवाय कुणाला फोटो पाठवत नाही. शेजारी एचडब्ल्यूइन्फो हे तापमान-वेग दाखवणारं सॉफ्टवेअर उघडं ठेवायचं. त्यात तापमानाइतकाच 'इफेक्टिव्ह क्लॉक'चा (प्रत्यक्ष वेगाचा) रकाना महत्त्वाचा. व्होल्टेज कमी पडलं तर काही रायझन हँग होत नाहीत, वरवर ४.३ दाखवत आतून हळू चालतात आणि स्कोअर घसरतो.

बिघाडाची भाषा थोडी ओळखता आली तर अर्धा वेळ वाचतो. निळ्या स्क्रीनवर 'क्लॉक वॉचडॉग टाइमआउट' किंवा 'व्हिया (WHEA, विंडोजची हार्डवेअरच्या चुका नोंदवणारी यंत्रणा) अनकरेक्टेबल एरर' आलं तर बहुधा व्होल्टेज कमी आहे. वेग एक पायरी उतरवा. व्होल्टेज चढवायचा मोह होईल, तो आवरा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत 'व्हिया लॉगर'ची १९ नंबरची नोंद दिसली तर चूक झाली आणि सावरली गेली, असा अर्थ. मशीन चालतंय, पण काठावर आहे. निळी स्क्रीन न येता मशीन थेट बंद पडत असेल तर वीजपुरवठ्याकडे बघा. ६०० व्हीएच्या बऱ्याच यूपीएसची खरी क्षमता ३६० वॉटच असते. ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर जोरात चालू असताना लाइट गेली की तो हात वर करतो, आणि शिव्या प्रोसेसर खातो. वेग आपोआप पडतोय पण प्रोसेसर गार आहे? मग बोर्डावरचे व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणारे भाग, तापलेत. स्वस्त बोर्डांवर त्यांना हीटसिंकच नसतो.

खरं सांगायचं तर नव्या रायझनवर पक्का वेग बांधणं मला आता पटत नाही. ५६००एक्स एका कोअरवर आपणहून ४.६ ला जातो. सगळे कोअर ४.५ ला बांधले तर बहुतेक गेममध्ये ज्याचा उपयोग तोच वेग गमावला. त्यापेक्षा पीबीओ (रायझनची स्वतःच वेग वाढवायची सोय) चालू करून कर्व्ह ऑप्टिमायझर (व्होल्टेज कमी करायची सेटिंग) उणे १० पासून सुरू करा. इथे चिप कमी व्होल्टेजवर तोच वेग गाठते आणि गारही राहते. आणि तुम्ही १४४० पिक्सेलवर गेम खेळत असाल तर अडतंय ते बहुधा ग्राफिक्स कार्डापाशी. प्रोसेसर पिळून हाती काही लागणार नाही.

शेवटी, पंखे फिरतायत पण स्क्रीन काळीच. घाबरू नका. काही बोर्ड दोन-तीन प्रयत्नांनंतर स्वतःच मूळ सेटिंगवर येतात, तेवढा वेळ द्या. नाहीच आलं तर प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, बोर्डावरचे 'क्लिअर सीमॉस'चे (बायॉसची सेटिंग पुसण्याचे) दोन पिन जोडा किंवा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा. यात पंख्यांची सेटिंग आणि एक्सएमपीही पुसलं जातं, म्हणून बायॉसच्या प्रत्येक पानाचा फोटो आधीच मोबाइलमध्ये हवा. माझ्याकडे तसे दोन संच आहेत. थंडीचा ४.३ चा, आणि मे महिन्याचा ४.१ गिगाहर्ट्झ, १.२५ व्होल्टचा.