वर्षाची बेरीज आणि जानेवारीचा ओढा

स्की रिसॉर्टच्या पर्यावरण विभागात काम करू इच्छिणारी मराठी मुले-मुली हल्ली मला पत्रे लिहितात. बहुतेकांच्या प्रश्नांत सौरऊर्जा, कचऱ्याचे वर्गीकरण आणि कार्बनचा ताळेबंद असतो. पाणी मात्र क्वचितच असते. माझ्याही पहिल्या अर्जात ते नव्हते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, फोर्ट कॉलिन्सला पर्यावरण अभियांत्रिकीचे शिक्षण घेताना मी ऊर्जा हा विषय निवडला होता. कोलोरॅडोतील एका मध्यम आकाराच्या रिसॉर्टमध्ये मला नोकरी मिळाली, तेव्हा पाहुण्यांना उतारावर नेणाऱ्या लिफ्टच्या मोटारी आणि हॉटेलांची तापवण्याची यंत्रणा यांतच आपले दिवस जातील अशी माझी समजूत होती. या क्षेत्रात मला सर्वांत मोठा फटका पाण्याने दिला, म्हणून या लेखाचा मोठा भाग मी पाण्यालाच देणार आहे.

कृत्रिम बर्फ कसा तयार होतो हे तुम्ही वाचलेले असेल. हवेतील आर्द्रता धरून मोजलेले, म्हणजे वेट बल्ब तापमान साधारण उणे २ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की पाण्याचे बारीक फवारे थंड हवेत उडवून बर्फ करणारी यंत्रे, म्हणजे स्नो गन, चालू करता येतात. कोलोरॅडोची हवा इतकी कोरडी असते की साधा तापमापक शून्याच्या किंचित वर असतानाही कधीकधी असा बर्फ बनवता येतो. हे काम मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबरअखेर आणि बहुधा रात्री चालते, कारण नाताळच्या सुट्टीतील गर्दीपूर्वी उतारांवर पक्का थर बसलेला असावा लागतो. ही माहिती मलाही होती. मात्र त्यातील ‘ऑक्टोबर ते डिसेंबर’ या शब्दांचा अर्थ मला कळला नव्हता.

दुसऱ्या हंगामात रिसॉर्टने खालच्या उतारांवर स्नोमेकिंग, म्हणजे कृत्रिम बर्फ बनवणे, वाढवायचे ठरवले. इथले बहुतेक मोठे उतार सरकारी वनजमिनीवर आहेत, त्यामुळे अशा बदलासाठी अमेरिकेच्या वनसेवेची परवानगी आणि पर्यावरणीय परीक्षण आवश्यक असते. त्याच्या अंतर्गत मसुद्यातील पाण्याचा तक्ता माझ्याकडे आला. या बर्फासाठी ज्या ओढ्यातून पाणी घ्यायचे त्याचा वर्षभराचा एकूण प्रवाह मी काढला, रिसॉर्ट उचलणार असलेले एकूण पाणी काढले, एकाला दुसऱ्याने भागले आणि लिहिले की उपसा वार्षिक प्रवाहाच्या २ टक्क्यांहून कमी आहे. गणितात चूक नव्हती. तो आकडा व्यवस्थापनाला सोयीचा होता, म्हणून कार्यालयात कोणीही त्यावर बोट ठेवले नाही, आणि हे मी आजही विसरू शकलेले नाही.

त्या आकड्यात काय लपले होते ते खुलाशासाठी रचलेल्या उदाहरणाने सांगते. समजा, एका ओढ्यातून वर्षभरात २५,००० एकर-फूट पाणी वाहते, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत एक टीएमसीहून थोडे जास्त. रिसॉर्ट साठ दिवस सलग ४ क्युसेक पाणी उचलते. एक क्युसेक प्रवाह दिवसभर चालला की जवळजवळ २ एकर-फूट पाणी होते, म्हणजे एकूण उपसा सुमारे ४७५ एकर-फूट, अर्थात वार्षिक प्रवाहाच्या २ टक्क्यांहूनही कमी. परंतु डोंगरातील ओढा वर्षभर सारखा वाहत नाही. त्याचे बहुतांश पाणी मेअखेर आणि जूनमध्ये, बर्फ वितळल्यावर, लोंढ्यासारखे येते. हिवाळ्यात वर पडलेले सारे गोठलेले असते आणि ओढ्यात फक्त जमिनीतून झिरपलेले पाणी उरते. तोच ओढा डिसेंबरमध्ये १० क्युसेकवर आलेला असेल, तर ४ क्युसेकचा उपसा म्हणजे त्या दिवसाच्या प्रवाहाचे ४० टक्के. वर्षाच्या बेरजेत हा दिवस जूनच्या पाण्याखाली बुडून जातो.

आता ओढ्यात त्या दिवसांत काय घडत असते ते पाहा. ब्राउन ट्राउट आणि ब्रुक ट्राउट हे मासे शरद ऋतूत तळाच्या खडीत अंडी घालतात आणि ती अंडी हिवाळाभर तिथेच राहतात. पाणी उथळ झाले की ओढा कडेने आणि तळाशीही गोठू लागतो, खडीतून वाहणारे प्राणवायूयुक्त पाणी कमी होते आणि खोल डोह, जिथे मोठे मासे थंडी काढतात, आक्रसतात. या सजीवांचा वार्षिक सरासरीशी काहीही संबंध नसतो. त्यांचा संबंध त्या आठवड्यात पात्रात असलेल्या पाण्याशी असतो.

माझा मसुदा पाहून मला थांबवले ते स्नोमेकिंग पथकाच्या मुकादमाने. कुठल्याही पदवीशिवाय पंचवीस वर्षे रात्रपाळी केलेला तो माणूस मला डिसेंबरच्या एका पहाटे पंपघरापाशी घेऊन गेला आणि उपसा सुरू असताना खालच्या बाजूचे पात्र दाखवले. दगड उघडे पडले होते आणि त्यांवर बर्फाची पातळ कड धरली होती. त्याने एवढेच विचारले, “तुझे २ टक्के यातले कुठले?”

मी इंदापूर तालुक्यातील, नीरा डाव्या कालव्याच्या टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, गावातील आहे. धरणात किती टीएमसी पाणी आहे याची बातमी रोज वर्तमानपत्रात येत असे. आमच्या घरी मात्र प्रश्न एकच असे, की उन्हाळी आवर्तन टेलपर्यंत पोचणार का आणि ऊस जळण्यापूर्वी पोचणार का. ऑगस्टमध्ये भरलेल्या धरणाने मे महिन्यात आमची विहीर भरत नसे. हे मला दहाव्या वर्षापासून ठाऊक होते, आणि तरीही परदेशातील एका कार्यालयात बसून मी तोच तक्ता तयार केला जो पाहून माझे वडील उठून गेले असते. त्या पहाटेची लाज मला अजून वाटते.

या सापळ्याचा दुसरा पदर आणखी फसवा आहे. ‘स्नोमेकिंगचे पाणी वाया जात नाही, ते वसंतात वितळून ओढ्यात परत येते’ हे वाक्य तुम्हाला प्रत्येक रिसॉर्टमध्ये ऐकू येईल. ते बरेचसे खरे आहे. काही पाणी बाष्पीभवनाने हवेत जाते आणि पाचातले चार हिस्से परत येतात असे साधारणपणे धरले जाते. परंतु डिसेंबरमध्ये घेतलेले पाणी परत येते मे-जूनमध्ये, जेव्हा ओढ्याला त्याची गरज नसते. शिवाय उपसा एका ओढ्यातून आणि उतार दुसऱ्याच खोऱ्यात असेल, तर पहिल्या ओढ्याला ते कधीच परत मिळत नाही. म्हणून किती परत येते यापूर्वी केव्हा आणि कुठे येते हे विचारा.

तिसरा पदर कायद्याचा आहे. कोलोरॅडोत आधी वापरणाऱ्याचा हक्क आधी, हे तत्त्व राज्याच्या १८७६ च्या संविधानापासून चालत आले आहे. ओढ्यात पाणी राहू देण्याचा हक्क राज्याच्या जलसंधारण मंडळाला मिळाला तो १९७३ साली, त्यामुळे तो अनेक जुन्या हक्कांच्या मागे उभा असतो. रिसॉर्टचा हक्क त्याहून जुना असेल, तर कायद्याने ओढा जवळजवळ कोरडा करणेही शक्य असते. अहवालात ‘आमचा उपसा कायदेशीर आहे’ असे लिहून थांबू नका. हक्काची तारीख आणि किमान प्रवाहाचा आकडा शेजारी-शेजारी लिहा. अॅस्पेनजवळील स्नोमास क्रीकचा वाद प्रत्येक नवागताने मुळातून वाचावा. तिथे १२ क्युसेकच्या किमान प्रवाहाचा हक्क मंजूर झालेला होता आणि स्नोमेकिंगच्या मागणीमुळे तो हिवाळ्यापुरता कमी करण्याचा प्रश्न उभा राहिला. मंजूर झालेला हक्क मंडळाला परस्पर सैल करता येणार नाही, त्यासाठी जल न्यायालयातच जावे लागेल, असा निर्णय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला.

यावर उपाय नाहीत असे नाही. जूनच्या लोंढ्यात तलाव भरून ठेवावा आणि नोव्हेंबरात तेच पाणी वापरावे, हा सर्वांत सरळ उपाय आहे. मात्र तलावासाठी सपाट जागा शोधताना आराखडाकार हमखास दलदलीच्या जागेवर बोट ठेवतात, आणि उंचावरील अशा पाणथळींतील पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा, थर साठायला हजारो वर्षे लागलेली असतात. त्या जागी एकदा खोदले की ती पुन्हा तयार करता येत नाही. त्यापेक्षा मला पाण्याची मागणीच कमी करणारे उपाय आवडतात. उन्हाळ्यात उतारावरील मोठे दगड काढून तो समतल केला, तर कमी जाडीचा थर पुरतो, पण तेही माती न उपटता आणि स्थानिक गवताचे बी पेरूनच करावे लागते. बर्फ समतल करणाऱ्या ग्रूमरवर जीपीएसने बर्फाची जाडी मोजणारी यंत्रणा बसवली, की नेमका कुठे बर्फ पुरेसा आहे ते कळते आणि चालक अंदाजाने जादा बर्फ मागत नाही. आमच्याकडे स्नो गन लवकर बंद करण्याचा निर्णय प्रथमच आकड्यांवर होऊ लागला तो या यंत्रणेमुळे.

ऊर्जेबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण त्याविषयी साहित्य भरपूर आहे. हरित ऊर्जेची प्रमाणपत्रे विकत घेऊन ‘शंभर टक्के’ असा फलक लावणे ही या क्षेत्रातील सर्वांत जुनी पळवाट आहे आणि तिच्याबद्दल माझे मत वाईट आहे. त्या कागदाने रात्री तीन वाजता पंप चालवणारी वीज बदलत नाही. याउलट अॅस्पेनच्या स्की कंपनीने २०१२ साली सॉमरसेटजवळच्या एल्क क्रीक कोळसा खाणीतून गळणारा मिथेन पकडून त्यावर ३ मेगावॅटचा वीजप्रकल्प उभा करण्यात भाग घेतला. मिथेन हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी अधिक उष्णता धरणारा वायू आहे, म्हणून तो नुसता जाळला तरीही लाभ मोठा असतो. पाहुण्यांच्या विमान आणि मोटारप्रवासाचा भार रिसॉर्टच्या स्वतःच्या वापरापेक्षा सहसा मोठा असतो, पण तो कुंपणाबाहेर घडतो म्हणून अहवालाच्या शेवटच्या पानावर ढकलला जातो. डेन्व्हरहून स्की उतारांकडे जाणारी स्नोस्टँग बससेवा राज्याने २०१९ च्या हिवाळ्यात सुरू केली. अशा बसला थांबा, वाहनतळाचे धोरण आणि तिकिटात सवलत मिळवून देणे हे कंटाळवाणे पण मोलाचे काम आहे.

मार्गदर्शकांविषयी माझे ठाम मत आहे. परिषदांतून सुंदर सादरीकरणे करणाऱ्या सल्लागारांच्या मागे पहिली दोन वर्षे लागू नका. पंपघर, लिफ्टची देखभाल आणि ग्रूमरचे गॅरेज या तीन ठिकाणी दर आठवड्याला एक पाळी उभे राहा. तिथली माणसे तुमच्याशी सुरुवातीला फार बोलणार नाहीत, कारण दर दोन वर्षांनी नवा पर्यावरण अधिकारी येतो आणि तक्ता करून निघून जातो हे त्यांनी पाहिलेले असते. महिनाभर गेलात की ती बोलू लागतात. ऑनलाइन अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रे गोळा करणेही मला व्यर्थ वाटते. त्याऐवजी जलविज्ञानाचा एक पूर्ण सत्राचा विषय घ्या, भले तुमची पदवी ऊर्जेची असो.

नोकरीबाबत कटू गोष्ट आधीच सांगते. रिसॉर्टमधील हा विभाग बहुधा एक ते तीन माणसांचा असतो आणि बाकीच्या जागा पाच महिन्यांच्या हंगामी असतात. परदेशी विद्यार्थ्यांना शिक्षणानंतर अमेरिकेत कामासाठी मिळणारे बारा महिने आणि विज्ञान-अभियांत्रिकीच्या पदवीधरांना मिळणारी चोवीस महिन्यांची वाढ ही हंगामी नोकऱ्यांवर टिकत नाही. वाढीसाठी नियोक्ता काम करण्याची पात्रता तपासणाऱ्या सरकारच्या ई-व्हेरिफाय प्रणालीत नोंदलेला असावा लागतो आणि काम पदवीशी संबंधित असावे लागते. मुलाखतीआधीच हे विचारा, संकोच करू नका. वनसेवेतील कायमच्या पदांसाठी नागरिकत्व लागते, त्यामुळे तो मार्ग आपल्यासाठी बहुतांशी बंद आहे. मी स्वतः एक हिवाळा पुढचा व्हिसा मिळेल की नाही या चिंतेत काढला आहे आणि त्या काळात मला कामावर लक्ष देता येत नव्हते.

तरीही घाबरून मागे फिरण्याचे कारण नाही. जलहक्कांवर काम करणाऱ्या अभियांत्रिकी कंपन्या, शहरांचे पाणी विभाग आणि नदीखोऱ्यांच्या संस्था यांना ओढा आणि आकडे दोन्ही वाचता येणारी माणसे हवी असतात, आणि तिथे दोन वर्षे काढून रिसॉर्टमध्ये येणे हा माझ्या मार्गापेक्षा चांगला मार्ग आहे. माझी चूकही दुरुस्त झाली. मसुदा आम्ही मागे घेतला, तक्ता महिन्यांनुसार आणि नंतर आठवड्यांनुसार पुन्हा केला, आणि खालच्या उतारांचा विस्तार निम्म्यावर आला. व्यवस्थापनातील काही जण त्यानंतर बराच काळ माझ्याशी तुटक बोलत राहिले.

अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाची प्रवाहमापक केंद्रे देशभरातील हजारो ओढ्या-नद्यांवर आहेत आणि त्यांचे आकडे कोणालाही विनामूल्य पाहता येतात. अर्ज करण्यापूर्वी तुमच्या मनातील रिसॉर्टखालच्या ओढ्यावर असे केंद्र आहे का ते शोधा, दहा वर्षांचे डिसेंबर आणि जानेवारी उतरवून घ्या, आणि मुलाखतीला तो कागद बरोबर न्या.