व्हाइटचॅपलच्या साक्षी तपासताना आधी घड्याळ बघा

लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या 'जॅक द रिपर'च्या खुनांत साक्षीदाराने काय पाहिलं हे नंतर. आधी शोधा, त्याला वेळ कशावरून कळली. १८८८ च्या पूर्व लंडनमध्ये बरेच कामकरी चर्चच्या नाहीतर दारूभट्टीच्या घड्याळावर चालायचे. म्हणून जबाबातल्या प्रत्येक वेळेपुढे लिहा: टोला ऐकला, घड्याळ पाहिलं, की नुसता अंदाज.

सरावाला ॲनी चॅपमनचा खून घ्या: ८ सप्टेंबर, २९ हॅनबरी स्ट्रीट. जॉन रिचर्डसन म्हणतो, पावणेपाचच्या सुमारास मागच्या पायरीवर बसून बुटाचं चामडं कापलं, तेव्हा अंगणात प्रेत नव्हतं. पण इन्स्पेक्टर चँडलरला त्याने आधी पायरीवर बसल्याचं सांगितलंच नव्हतं. पहिला जबाब आणि कॉरोनरपुढची (मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यापुढची) साक्ष शेजारी ठेवली की असली भर लगेच दिसते.

शेजारच्या २७ नंबरमधला अल्बर्ट कॅडॉश सव्वापाचला उठला. कुंपणापलीकडून त्याला 'नो' ऐकू आलं, तीन-चार मिनिटांनी कुंपणावर काहीतरी आदळलं. कामावर जाताना स्पिटलफील्ड्स चर्चच्या घड्याळात ५.३२ झाले होते. एलिझाबेथ लाँगने मात्र भट्टीच्या घड्याळाचे साडेपाचचे टोले ऐकले आणि त्यानंतर चॅपमनला एका पुरुषासोबत रस्त्यावर उभी पाहिली. हे कॅडॉशच्या वेळांशी जुळत नाही. लाँगने ऐकलेले टोले सव्वापाचचे असतील तर जुळतं, पण तसं गृहीत धरत असाल तर ते गृहीतक म्हणूनच नोंदवा. इथेच बहुतेक जण घसरतात.

पोलिसांचे डॉक्टर फिलिप्स साडेसहाला प्रेत तपासायला आले. मृत्यू किमान दोन तास आधीचा, असं ते म्हणाले. म्हणजे साडेचारच्या आधी. तिघेही खोटे? घाई करू नका. सकाळ गार होती आणि रक्त फार गेल्याने शरीर लवकर थंड पडलं असेल, हे त्यांनीच पुढे जोडलं आहे. आमच्या मते इथे डॉक्टरांचा अंदाज हलका धरावा.

वर्णनाचं वजन तपशिलागणिक करा. लाँगला बाईचा चेहरा दिसला, पुरुषाची पाठ. तेव्हा बाईच्या ओळखीला किंमत आहे. पुरुष 'परदेशी, चाळिशीपुढचा' याला फारशी नाही.

दुभाष्यामार्फत आलेली साक्ष सगळ्यात जपून वाचा. बर्नर स्ट्रीटवर याच मालिकेतल्या एलिझाबेथ स्ट्राइडवर हल्ला होताना पाहिल्याचं सांगणाऱ्या इस्रायल श्वार्ट्झच्या पोलिसी जबाबात हल्लेखोराखेरीजच्या दुसऱ्या माणसाच्या हाती पाइप आहे, 'स्टार' या वर्तमानपत्राच्या बातमीत सुरी. दोन्ही मजकूर मिसळू नका. वेगळ्या रकान्यांत ठेवा आणि पोलिसी जबाबापासून सुरुवात करा.