पिसे फुलवून बसलेला फिंच: थव्यातील आजार कसा ओळखावा आणि कसा हाताळावा

झेब्रा फिंच या दाणे खाणाऱ्या छोट्या पाळीव पक्ष्याचे वजन साधारण 12 ते 15 ग्रॅम असते. एवढ्याशा देहात साठवण अशी जवळजवळ नसतेच, त्यामुळे खाणे थांबले की एका दिवसातही पक्षी हातचा जाऊ शकतो. शिवाय शिकार होण्याची भीती असणाऱ्या सगळ्याच लहान पक्ष्यांप्रमाणे फिंचही आपले दुखणे शक्य तितके लपवतो. म्हणूनच ‘काल तर चांगला होता’ असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा तो कालही आजारीच असतो आणि आपल्या ते ध्यानात आलेले नसते. गेली अनेक वर्षे पुण्यातल्या घराच्या गच्चीवर झेब्रा, बेंगालीज आणि गोल्डियन फिंच पाळताना जे पक्षी मी गमावले, त्यांतले बरेचसे आजारापेक्षा उशिराने आणि अंदाजाने दिलेल्या औषधाने गेले, असे आज मला वाटते. उपचारांचा क्रम म्हणून आधी ऊब, मग तपासणी आणि सर्वांत शेवटी औषध असाच असावा.

निरीक्षण दुरून करावे. आपण पिंजऱ्याजवळ गेलो की आजारी पक्षीसुद्धा पिसे आवळून ताठ बसतो आणि फसवतो. सकाळी दाणे घालण्यापूर्वी आठ-दहा पावले मागे, शक्य असल्यास पडद्याआडून, दहा मिनिटे शांतपणे पाहावे. डिसेंबरच्या पहाटे सगळा थवाच पिसे फुलवून बसतो, त्यात काही वावगे नाही. मात्र ऊन चढल्यावर बाकीचे दाण्यांवर तुटून पडलेले असताना एखादाच गोळा होऊन, दोन्ही पायांवर बसून डोळे मिटत असेल, तर तो आजारी आहे असे धरूनच पुढे चालावे. श्वासागणिक शेपटी वरखाली होणे, चोच उघडी राहणे, पिंजऱ्याच्या तळाशी कोपऱ्यात बसून राहणे आणि नराने गाणे सोडणे ही आणखी काही लक्षणे. एक लक्षण मात्र भल्याभल्यांना चकवते. पक्षी दिवसभर भांड्यावर बसून दाणे सोलत असतो, त्यामुळे तो भरपूर खातो आहे असे आपल्याला वाटते, आणि प्रत्यक्षात नुसती टरफले उडत असतात, पोटात काहीच जात नाही.

शंका येताच त्या पक्ष्याला वेगळे करून ऊब द्यावी. निदान होईपर्यंत यासाठी थांबू नये. साधारण दीड फूट लांबीचा पिंजरा घेऊन त्याच्या तीन बाजू कापडाने झाकाव्यात आणि एका टोकाला बाहेरून 40 वॅटचा जुन्या पद्धतीचा तापणारा बल्ब किंवा सिरॅमिक हीटर लावावा. कापड त्याला चिकटणार नाही इतके अंतर ठेवावे. एलईडी दिवा पुरेसा तापत नाही. दांडीच्या उंचीवर थर्मामीटर टांगून उबेच्या बाजूचे तापमान 29 ते 32 अंश सेल्सियस राखावे आणि दुसरी बाजू थंड राहू द्यावी, म्हणजे आपल्याला काय सोसते ते पक्षी स्वतःच ठरवतो. तो पंख अंगापासून दूर धरून धापा टाकू लागला, तर ऊब जास्त झाली असे समजावे. दांड्या तळापासून दोन-तीन इंचांवर असाव्यात, दाणे आणि पाणी दांडीला लागून असावे, तळाला पांढरा कागद असावा. रात्री मंद उजेड राहू द्यावा, कारण अशक्त पक्ष्याला रात्रीही दोन दाणे खाता आले तर सकाळ गाठता येते. केवळ एवढ्यानेच कित्येक पक्षी संध्याकाळपर्यंत टवटवीत दिसू लागतात. तरीही ती ऊब लगेच काढून घेऊ नये, कारण तो बरा झालेला नसतो, त्याची शक्ती फक्त वाचलेली असते.

पक्षी पकडण्यासाठी जाळी घेऊन धावाधाव करू नये. अंधार पडल्यावर दिवा मालवून, दांडीवर बसल्या जागीच त्याला हळूच उचलावे. पाठ तळहाताकडे, मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये आणि छाती पूर्ण मोकळी अशी पकड असावी. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छाती हलली तरच त्यांना श्वास घेता येतो, त्यामुळे छातीवर बोटे दाबली गेली तर पक्षी हातातच गुदमरतो. अशा पकडीत पोटावरच्या पिसांवर हलकी फुंकर घालावी. निरोगी फिंचच्या छातीचे मधले हाड दोन्ही बाजूंच्या मांसात बुडालेले असते. ते सुरीच्या पात्यासारखे वर आलेले दिसले, तर दुखणे बऱ्याच दिवसांचे आहे. सोनाराकडे असतो तसा 0.1 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा पक्षीपालकाकडे असलाच पाहिजे, असा माझा आग्रह आहे. 13 ग्रॅमच्या पक्ष्याचे वजन सव्वा ग्रॅमने घटले तर ती जवळजवळ दहा टक्के घट असते आणि नुसत्या डोळ्यांना ती अजिबात दिसत नाही.

पांढऱ्या कागदावरची विष्ठा दर काही तासांनी पाहावी. चांगल्या विष्ठेत गडद रंगाचा घट्ट भाग, त्यावर पांढरा भाग आणि थोडे पाणी असते. काकडी किंवा पालेभाजी खाल्ल्यावर पाणी वाढते, त्याने घाबरू नये. न पचलेले अख्खे दाणे दिसणे, पांढऱ्या भागाला पिवळा-हिरवा रंग येणे, रक्त दिसणे किंवा शेपटीखालची पिसे चिकटणे या खुणा मात्र गंभीर आहेत. अशा वेळी ताजी विष्ठा छोट्या स्वच्छ डबीत, सुकू न देता पशुवैद्याकडे न्यावी आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावी. पोटाच्या अनेक आजारांत बाहेरून दिसणारे चित्र एकच असते, म्हणजे फुललेली पिसे, जुलाब आणि उतरलेले वजन. कारणे मात्र वेगळी असतात आणि त्यांची औषधे एकमेकांच्या कामी येत नाहीत. कॉक्सिडिया या एकपेशीय परजीवीवर टोल्ट्राझुरिलसारखे औषध लागते. मेगाबॅक्टेरिया नावाने ओळखला जाणारा आजार नाव काहीही सुचवत असले तरी बुरशीचा आहे, त्यामुळे त्यावर प्रतिजैविके चालत नाहीत, ॲम्फोटेरिसिन बी लागते. बेंगालीजच्या पंखाखाली वाढवलेली गोल्डियनची पिल्ले कोवळ्या वयात एकामागोमाग मरू लागली, तर कोक्लोसोमा या परजीवीची शंका घ्यावी. बेंगालीज स्वतः धडधाकट राहून तो पिल्लांना देतात.

माझ्या एका गोल्डियन मादीला जुलाब लागले तेव्हा दुकानातून मिळालेली पिवळी प्रतिजैविकाची पूड मी चार दिवस पाण्यातून दिली. पाचव्या दिवशी ती गेली. शवविच्छेदनात आतडे कॉक्सिडियाने भरलेले निघाले; त्या पुडीचा त्यावर काहीही उपयोग नव्हता. पाण्यातून औषध देण्यात आणखी एक अडचण आहे. झेब्रा आणि गोल्डियन दोन्ही मूळचे ऑस्ट्रेलियातले असून झेब्रा तर तिथल्या कोरड्या प्रदेशात राहतो. तो पाणी मुळातच थोडे पितो, आजारी असताना आणखी कमी, आणि कडवट पाणी तर टाळतोच. शक्य असेल तेव्हा मोजलेला थेंब चोचीच्या कडेला लावून देण्याची पद्धत पशुवैद्याकडून शिकून घ्यावी. टेट्रासायक्लिन गटातले औषध चालू असेल, तर समुद्रफेस आणि अंड्याची टरफले तेवढ्या दिवसांपुरती काढून ठेवावीत, कारण कॅल्शियम त्या औषधाला बांधून टाकते.

श्वासाच्या तक्रारींत गोल्डियनच्या बाबतीत पहिली शंका श्वासनलिकेतल्या माइटची, म्हणजे गोचिडाच्या जातीच्या अगदी बारीक परजीवीची, घ्यावी. रात्री घर शांत झाल्यावर पिंजऱ्याला कान लावला, तर श्वासाबरोबर बारीक ‘टिक्‌ टिक्‌’ असा आवाज येतो; दिवसा पक्षी चोच वारंवार दांडीवर पुसतो आणि त्याचा आवाज बसतो. अंधाऱ्या खोलीत मानेची पिसे पाण्याने किंचित ओली करून बाजूला सारावीत आणि मागून बारीक टॉर्च धरावा. पातळ कातडीतून श्वासनलिका उजळते आणि माइट असले तर तिच्यात टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसतात. ठिपके दिसले नाहीत म्हणून आजार नाही असे मात्र ठरवू नये. यावर आयव्हरमेक्टिन मानेच्या उघड्या कातडीवर लावतात, आणि नेमका इथेच घात होतो. जनावरांसाठी मिळणाऱ्या एक टक्का द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम औषध असते. किलोला 0.2 मिलिग्रॅम हे प्रमाण धरले तर 15 ग्रॅमच्या फिंचला लागते अवघे 0.003 मिलिग्रॅम, तर त्या बाटलीतल्या साध्या थेंबात सुमारे 0.5 मिलिग्रॅम असते, म्हणजे दीडशे पटींहून अधिक. ते पाण्यात नीट मिसळतही नाही. पशुवैद्याने योग्य माध्यमात पातळ करून दिलेलेच औषध वापरावे, सांगितलेल्या अंतराने पुन्हा लावावे, आणि थव्यातल्या सर्व पक्ष्यांना लावावे, कारण भरवताना आई-बापांकडून हे माइट पिल्लांकडे जातात.

लाल माइटचा प्रकार वेगळा आहे. ते दिवसा घरट्यासाठी ठेवलेल्या मडक्याच्या काथ्यात आणि दांड्यांच्या खाचांत लपतात, रात्री बाहेर येऊन रक्त पितात. रात्री पिंजऱ्यावर पांढरे सुती कापड टाकावे आणि उजाडायच्या आत त्याच्या घड्या उलगडून पाहाव्यात. बारीक लालसर ठिपके चालताना दिसले की निदान झाले. काथ्या जाळून टाकावा, मडकी आणि दांड्या उकळत्या पाण्यातून काढाव्यात. उष्ण हवेत त्यांची नवी पिढी आठवड्याभरात तयार होते, म्हणून हे काम दर आठवड्याला असे निदान तीनदा करावे.

मादी अचानक तळाशी येऊन बसली, पोटाचा मागचा भाग फुगला आणि ती जोर करताना दिसली, तर अंडे अडकले आहे असे समजावे. तिला तातडीने उबेच्या पिंजऱ्यात ठेवावे, कोमट पाण्याची वाटी आत ठेवून हवा दमट करावी आणि घरात पक्ष्यांसाठीचे द्रवरूप कॅल्शियम असल्यास चोचीला थेंब लावावा. तीन-चार तासांत अंडे बाहेर आले नाही तर पशुवैद्य गाठावा. पोट दाबून अंडे काढण्याचा प्रयत्न कधीही करू नये. आत फुटलेले अंडे मादीचा जीव घेते.

एक पक्षी आजारी पडला की उरलेल्या थव्याचीही तपासणी सुरू करावी. त्यांचे दाणे-पाणी आधी बदलावे आणि आजाऱ्याकडे शेवटी जावे. हात साबणाने धुवावेत, कारण पक्ष्यांच्या विष्ठेतून पसरणारा साल्मोनेला हा जिवाणू माणसालाही लागू शकतो. तळाचा कागद रोज बदलावा. कॉक्सिडियाची अंडी बाहेर पडल्यावर ओलाव्यात काही काळ राहूनच संसर्गक्षम होतात, म्हणून रोजचा कोरडा कागद इथे औषधाइतकाच उपयोगी पडतो. घरगुती जंतुनाशकांना मात्र ती दाद देत नाहीत, त्यांना उकळते पाणी आणि कडक ऊन लागते. पावसाळ्यात राळे आणि बाजरी हवाबंद डब्यात ठेवावी आणि कुबट वास येताच फेकून द्यावी.

पक्षी दगावलाच तर त्याला फ्रीझरमध्ये न ठेवता पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे आणि त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी शवविच्छेदनासाठी न्यावे. गोठवल्याने पेशी फुटतात आणि तपासणीला काही उरत नाही. पुण्यात औंधला पशुसंवर्धन विभागाची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे, मुंबईत परळला आणि सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. एक-दोन दिवसांत अनेक पक्षी अचानक मेले, तर मृत पक्ष्यांना उघड्या हातांनी न शिवता जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला ताबडतोब कळवावे.

बरा झालेला पक्षी एकदम थव्यात सोडू नये. तीन-चार दिवसांत रोज दोन-तीन अंशांनी ऊब उतरवत बाहेरच्या तापमानाशी आणावी, वजन पूर्ववत झाले आहे ना ते काट्यावर पाहावे, आणि संसर्गजन्य आजार होता तर विष्ठेची तपासणी पुन्हा करून घ्यावी. नवा आणलेला पक्षीही 30 दिवस वेगळ्या खोलीत ठेवूनच थव्यात मिसळावा. परत सोडताना सकाळची वेळ निवडावी, त्या दिवशी दाण्याचे एक भांडे जास्त ठेवावे आणि पहिला तासभर तिथेच थांबून त्याला भांड्यावरून कोणी हाकलत तर नाही ना, आणि तो दाणे नुसते सोलतो की खरोखर गिळतो, हे पाहावे.